दोन मिनिटं चाळीस सेकंद

डिसेंबरची तेवीस. बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत.
सरोवरावरून वारा असा येतो की
सॉनाची चिमणी रात्रभर कण्हते.
आई वेलदोड्याचा पाव कापते, जाड जाड,
आणि सिल्वीआत्या सोफ्याचा डावा कोपरा धरते.
तो तिचाच. तिथे बसायची हिंमत
आमच्या कुत्र्यालाही नाही.

सिनेमा तोच.
तेच डोंगरातलं हॉटेल, उघड उघड पुठ्ठ्याचं,
आणि बर्फ इतका खोटा
की आत्ताच फावड्याने दार मोकळं करून आलेले आम्ही
दरवर्षी त्याच जागी हसतो.
नायिका हिरव्या झग्यात जिना उतरते,
पायरीला एक ओळ, तेरा पायऱ्या.
आत्या नुसते ओठ हलवते,
चर्चमध्ये हलवते तसे.

मग भांडण. मग ती बॅग उचलून स्टेशनवर.
मग आम्ही सगळे थोडे पुढे सरकतो,
आणि खरखर,
आणि हॉकी.

अठ्ठ्याऐंशी साली बाबांनी लाल बटण दाबलं.
ते म्हणायचे चुकून. आई म्हणायची, चुकून कसलं.
दोन मिनिटं चाळीस सेकंद.
घसा बसलेला तो समालोचक ओरडतो,
"मारला! अरे देवा, काय मारला!"
आणि आम्हीही ओरडतो, पाव तोंडात,
लहान पोरं सर्वात मोठ्यांदा,
कारण त्यांना वाटतं हेही सिनेमातलंच.

खरखर. परत स्टेशन.
ती हसते आहे. एका हातात मोजा नाही.
त्याचा मफलर तिच्या गळ्यात.

मधे काय झालं?
आत्याच्या मते पत्र. वेस्लीच्या मते
कुणीतरी रुळांवर पडलं, त्याने वाचवलं.
बाबा मान हलवायचे:
"माफी तर त्याने मागितलेली नाही.
बघा चेहरा. माफी मागितलेल्या माणसाचा
चेहरा असा नसतो."
आई काही म्हणायची नाही, कॉफी ओतायची.

बाबा मार्चमध्ये गेले.
यंदा कैसाने शिकागोहून
धुऊन पुसून चकचकीत केलेली प्रत आणली,
सबंध, एकही ओरखडा नसलेली.
झगा हिरवा नव्हताच. निळा होता.
आत्याने हे मनाला लावून घेतलं,
दहा मिनिटं पावाला हात लावला नाही.

ती जागा आली. आम्ही पुढे सरकलो.
खरखर नाही.
एक म्हातारा कारकून खडूने फळ्यावर लिहितो:
गाडी तीन तास उशिरा.
तो येतो, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतो.
ती मोजा काढून नाक पुसते. तो मफलर देतो.
गाणं आहे एक, बरं आहे, लहानसं,
त्यात क्षमा हा शब्द कुठेच नाही.
एवढंच. गाडी उशिरा आली,
आणि तेवढ्यात भांडायचं संपलं.

"म्हणजे रेनोचं बरोबर होतं,"
आई म्हणाली, आणि हसली, आणि थांबली.
पडद्यावर ते दोघं गात होते अजून,
आम्हाला न येणारे शब्द.
घरात कुणीच ओरडत नव्हतं.
मग आईच, अगदी हळू,
कपातल्या कॉफीला सांगावं तशी:
"मारला. अरे देवा, काय मारला."

वेस्ली उठला. तळघरातून जुनं यंत्र आणलं,
तारा जोडताना दोन शिव्या दिल्या.
कॅसेटच्या पाठीवर पेन्सिलीने बाबांचं अक्षर:
पुसू नये.
आता पुसट झालेलं, त्यांच्याच हातचं.

झगा पुन्हा हिरवा झाला.
आत्याने पाव घेतला.

नंतर बूट चढवताना कैसाने विचारलं,
"त्या मॅचमध्ये शेवटी जिंकलं कोण?"
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
इतक्या वर्षांत कधी लक्षातच आलं नव्हतं
की मॅच अर्धीच आहे.
बाबांना माहीत असणार.
त्यांनी ती पूर्ण पाहिली होती.